नाताळची तयार पेटी आणि २७ मुले: शिशुवर्गात महिनाभर वापरून पाहिल्यावर

वसई तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी मोठ्या शिशुवर्गाला शिकवते. वर्गात २७ मुले आहेत आणि त्यांची वये साडेचार ते सहा वर्षांच्या दरम्यान आहेत. दरवर्षी डिसेंबरात आम्ही वर्गात नाताळ साजरा करतो आणि त्याची जमवाजमव आजवर मी व वर्गातल्या मावशी मिळून करत होतो. गेल्या वर्षी मात्र शिक्षिकांचा वेळ वाचावा या सद्हेतूने शाळेने ऑनलाइन मिळणारी एक तयार पेटी मागवली. ती महिनाभर वर्गात वापरून झाल्यावर, यंदा अशीच पेटी घ्यावी की काय या विचारात असलेल्या शिक्षिकांसाठी हे परीक्षण लिहीत आहे. विक्रेत्याचे नाव मी देत नाही, कारण जवळजवळ याच नमुन्याच्या पेट्या वेगवेगळ्या वेष्टनांत इतरत्रही विकायला दिसतात आणि माझे म्हणणे त्या सगळ्यांनाच थोडेफार लागू पडेल.

पेटीची किंमत ३,१५० रुपये, शिवाय घरपोच करण्याचे १८० रुपये. पेटीवर '२५ मुलांसाठी' असे छापलेले आहे. आत पुठ्ठ्यातून सुटे करून जोडायचा येशूजन्माचा गोठा, दोन फुटी प्लास्टिकचे झाड, २५ नाताळबाबांचे मुखवटे, तेवढेच लाल मोजे, कागदी साखळीच्या पट्ट्या, चमकीच्या नळ्या, थर्माकोलच्या गोळ्यांची पिशवी, छोट्या दिव्यांची माळ, २४ खिडक्यांची दिनदर्शिका, पेपरमिंटच्या कांड्या आणि शिक्षिकांसाठी तीन भाषांतली मार्गदर्शक पुस्तिका एवढे सामान निघाले. प्रथमदर्शनी पेटी भरगच्च वाटते. पहिल्या दिवशी ती उघडली तेव्हा मुलांचे डोळे लकाकले, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे.

पण वसईतल्या मुलांना नाताळ नवा नसतो. माझ्या वर्गातली सुमारे एक तृतीयांश मुले ख्रिस्ती घरांतली आहेत, त्यांतली काही घरी सामवेदी ही वसईकडची बोली बोलतात, आणि उरलेल्या मुलांनीही शेजाऱ्यांच्या ओसरीवर टांगलेला चांदणीचा कंदील, चर्चच्या आवारातला गोठा आणि डब्यातून घरी आलेले कुलकुल हे नाताळचे तळलेले गोड पाहिलेले असतात. त्यामुळे पेटी तपासताना मी दोनच गोष्टी पाहिल्या. मुलांच्या हातांना ती किती काम देते, आणि मुलांना आधीच जे ठाऊक आहे त्याला ती कुठे जोडून घेते. या दोन्ही बाबतींत पेटीतल्या एकाच वस्तूने मला खरे समाधान दिले, आणि ती म्हणजे पुठ्ठ्याचा गोठा.

गोठ्याचा पुठ्ठा जाड आहे, कापलेल्या रेषा नेमक्या आहेत आणि पाच वर्षांच्या मुलाच्या अंगठ्याने दाबले की तुकडे न फाटता सुटे होतात. छप्पर, दोन भिंती, गव्हाण, मरिया, योसेफ, बाळ येशू, तीन मेंढपाळ, चार मेंढ्या आणि एक उंट असे भाग आहेत. मुख्य म्हणजे ते एका बाजूने कोरे आहेत. ही कोरी बाजू कंपनीने विचारपूर्वक ठेवली की छपाईचा खर्च वाचवण्यासाठी, हे मला सांगता येणार नाही, परंतु तिच्यामुळेच मुलांना रंगवायला काहीतरी उरले. उणीव एकच जाणवली. पेटीत उंट आहे आणि बैल नाही. इटलीतल्या ग्रेच्चो या गावी १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गव्हाण मांडली, तेव्हा तिच्याजवळ खराखुरा बैल आणि खरेखुरे गाढव उभे केले होते. गोठा मांडण्याच्या प्रथेचा उगम त्या रात्रीपाशी सांगितला जातो. गोठा म्हटल्यावर बैल हवाच, हे मुलांना कुणी शिकवावे लागले नाही. 'बाई, गोठ्यात उंट कशाला?' हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांतच आला.

पुस्तिकेप्रमाणे गोठा टेबलावर हिरव्या कागदी गवतावर ठेवायचा होता. आम्ही तो कागद बाजूला ठेवला आणि १२ डिसेंबरला दोन पसरट ट्रेमध्ये माती घालून नाचणी पेरली. गोव्यात गोठ्याभोवती हिरवळ उगवावी म्हणून नाताळच्या काही दिवस आधी नाचणी पेरतात. ही पद्धत मी तिथल्या एका नातेवाइकांच्या घरी पाहिली होती. माती पसरायला सुरुवात केल्याबरोबर मुलांनी आपापल्या घरची ओळख काढली. एकीला घटस्थापनेचे धान आठवले आणि चौघा-पाचजणांनी एका सुरात सांगितले की हा तर दिवाळीतला किल्ला आहे. ते अगदी खरे होते. माती, दगड, पेरलेले अळीव, गोणपाटाचे डोंगर आणि वर मांडलेली चित्रे, हे सगळे त्यांनी दीड महिन्यापूर्वीच केलेले होते. दुसऱ्या दिवशी एक मुलगा घरून किल्ल्यावरचे दोन मावळे घेऊन आला आणि ते त्याने गोठ्याच्या दाराशी भाले रोखून उभे केले. बाळ झोपले आहे म्हणून पहारा हवा, असे त्याचे म्हणणे होते. मी ते मावळे शेवटपर्यंत तिथेच राहू दिले. वसुबारसेची मातीची गाय-वासरेही आली, त्यामुळे बैलाचा प्रश्न बराचसा सुटला.

२२ डिसेंबरपर्यंत नाचणी तीन बोटे उंच झाली होती. रोज सकाळी पाणी शिंपडण्यासाठी दोन मुलांची पाळी लावली होती. या कामासाठी एरवी शाळेत यायला रडणारी एक मुलगी वेळेच्या आधी हजर राहू लागली. मोजे आणि दिनदर्शिका सोडली तर पेटीतल्या कोणत्याही वस्तूने दहा दिवस मुलांचे लक्ष धरून ठेवले नाही, ते साठ रुपयांच्या नाचणीने धरले.

बर्फाबद्दल मात्र तक्रार आहे. पुस्तिकेतल्या बारा कृतींपैकी पाच बर्फाच्या आहेत. बर्फाचा माणूस, बर्फाचे स्फटिक, बर्फातली घसरगाडी, अशी ती यादी आहे. वसईत डिसेंबरात सकाळी थोडा गारवा असतो आणि दहा वाजता मुले स्वेटर काढून ठेवतात. दूर देशातल्या नाताळची गंमत मुलांना जरूर सांगावी, मीही सांगितली. पण निम्मा सण न पाहिलेल्या बर्फावर रचला की मुलांना सांगण्यासारखे स्वतःचे काही उरत नाही आणि वर्गात फक्त शिक्षिका बोलत राहते. त्यात हा बर्फ थर्माकोलच्या गोळ्यांचा. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा राज्यातल्या शाळेला असे सामान धाडणे मुळातच चूक आहे. बंदी क्षणभर बाजूला ठेवली तरी या गोळ्या पंख्याच्या वाऱ्याने वर्गभर उडतात, केसांना चिकटतात, आणि चार-पाच वर्षांच्या मुलांची नाके-कान त्यांच्यासाठी नेमके योग्य मापाचे असतात, हे कोणतीही शिशुशिक्षिका सांगेल. मी पिशवी न उघडता मुख्याध्यापकांकडे जमा केली.

प्लास्टिकच्या झाडाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ते उभे राहते, एवढेच. आमच्याकडे किनाऱ्याला सुरूची बने आहेत, इतकी की वसईतल्या एका किनाऱ्याचे नावच सुरूची बाग पडले आहे. वाऱ्याने पडलेली एक फांदी मावशींनी आणली, वाळू भरलेल्या डब्यात रोवली आणि तिच्यावर पेटीतल्या कागदी साखळ्या चढवल्या. साखळीच्या पट्ट्या चांगल्या आहेत. त्यांना आधीच लावलेला डिंक ओला करायचा नसतो, वरचा कागद सोलला की पट्टी चिकटते. बोटांची चिमटीची पकड जमू लागण्याच्या वयात हे सोलण्याचे काम उत्तम व्यायाम ठरले.

मुखवट्यांचा प्रयोग फसला. नाताळबाबाचा मुखवटा आणि कापसाची दाढी लावून एकाच वेळी पंचवीस मुलांनी नाचावे, अशी पुस्तिकेची कल्पना आहे. प्रत्यक्षात मी एकच मुखवटा लावून दाखवला, तेव्हा दोन मुले रडू लागली आणि एकजण टेबलाखाली शिरला. या वयात ओळखीचा चेहरा अचानक झाकला गेला तर बरीच मुले घाबरतात. मग ६ डिसेंबरला, म्हणजे संत निकोलसच्या सणाच्या दिवशी, मी मुखवटे बाजूला ठेवून गोष्ट सांगितली. आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा या गावी चौथ्या शतकात निकोलस नावाचा एक बिशप होता. तो गरिबाघरी रात्रीच्या वेळी कुणाला न कळता पैशांची पुरचुंडी टाकून जात असे, अशी त्याची आख्यायिका आहे. 'कुणाला न कळता' या शब्दांनी मुलांना भुरळ घातली. पेटीतले लाल मोजे इथे कामी आले. मुलांनी पुढचे दोन आठवडे एकमेकांच्या मोज्यांत गुपचूप शंख, बिया, पेन्सिलीचे तुकडे आणि एकदा अर्धा खाल्लेला चिकूही टाकला. मोजे फेल्टचे असून शिवण पक्की आहे. ते पुढच्या वर्षीही वापरता येतील.

या मोज्यांबद्दल पुस्तिकेच्या मराठी पानांवर काय लिहिले आहे ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'मुलांना आपली साठवणूक भिंतीवर टांगू द्या', असे ते वाक्य आहे. स्टॉकिंग या शब्दाचा अर्थ यंत्राने दुकानातला माल भरणे असा लावलेला दिसतो. त्याहून वरताण गोष्टीच्या पानावर आहे: 'बाळ येशू व्यवस्थापकात झोपला.' इंग्रजीतल्या गव्हाणीच्या शब्दातले एखादे अक्षर चुकले असावे आणि भाषांतराने त्याचा मॅनेजर केला. आम्ही शिक्षिकांच्या खोलीत यावर आठवडाभर हसलो, पण हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातल्या रायतूर येथे छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात ही सारी कथा मराठीत सांगून झालेली आहे. ज्या भाषेत नाताळ सांगण्याची परंपरा चार शतकांची आहे, त्या भाषेतली चार पाने एखाद्या मराठी जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घेणे ३,१५० रुपयांच्या पेटीत परवडायला हरकत नव्हती. गाण्यांसाठी दिलेल्या दुव्यावर तर मराठी गाणे एकही नाही. एका पालक ताईंनी येऊन चर्चमध्ये गायले जाणारे एक मराठी नाताळगीत टाळ्यांच्या ठेक्यासह शिकवले आणि आमचे काम भागले.

दिनदर्शिकेची कल्पना मला आवडली. १ डिसेंबरपासून रोज एक खिडकी उघडायची आणि आतले चित्र पाहायचे, यातून वाट पाहणे म्हणजे काय ते मुलांना कळते. ख्रिस्ती घरांत नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ पाळतात, त्याच्याशीही हे जुळते. अंक ओळखणे आणि किती दिवस उरले ते मोजणे हा अभ्यास आपोआप होतो. अडचण हिशोबाची होती. खिडक्या २४, मुले २७ आणि मध्ये रविवार. रविवारची खिडकी सोमवारी उघडून एक प्रश्न सुटला. उरलेल्या तिघांना मी ६ जानेवारीच्या सणातले, बाळ येशूला भेटी घेऊन आलेले तीन राजे केले. गोव्यात कासावलीला त्या दिवशी लहान मुलगेच राजे होऊन घोड्यांवरून जातात, हे सांगितल्यावर खिडकी न मिळाल्याचे दुःख कुणालाही राहिले नाही, उलट आधी खिडकी उघडून बसलेल्यांना पश्चात्ताप झाला. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात हे राजे, म्हणजे ज्ञानी लोक, किती होते ते सांगितलेलेच नाही, सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून तीन मानले गेले. म्हणून तुमच्या वर्गात २९ मुले असतील तर पाच राजे करायला शास्त्राची आडकाठी नाही. घोड्यांचे काम वर्गातल्या खुर्च्यांनी केले.

सुरक्षिततेच्या बाबतीत पेटी नापास आहे आणि इथे मी सवलत देणार नाही. दिव्यांच्या माळेत नाण्याएवढ्या चपट्या बॅटऱ्या आहेत आणि त्यांच्या खोबणीचे झाकण नखाने उघडते, त्याला स्क्रू नाही. अशी बॅटरी मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजू शकते. आमची माळ पहिल्याच दिवशी कपाटात गेली. चमकी सुटी भुकटीच्या रूपात आहे. ती डोळ्यांत जाते, डब्यातल्या पोळीवर जाते आणि धुतली तरी जात नाही. युरोपीय संघाने सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ पासून निर्बंध घातले आहेत, आपल्याकडे शिशुवर्गाच्या पेटीत ती सहा नळ्या भरून येते. भारतात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. या पेटीवर ते चिन्ह मला कुठेही सापडले नाही, फक्त 'शैक्षणिक साहित्य' असे शब्द आढळले. पेटी मागवण्यापूर्वी विक्रेत्याला याबद्दल लेखी विचारावे, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

खाऊचे सांगायचे तर पेपरमिंटच्या कांड्या बहुतेक मुलांनी चाटून परत दिल्या. त्याऐवजी २३ तारखेला आम्ही कुलकुल केले. मैदा, थोडा रवा, साखर, नारळाचे दूध आणि तुपाचे मोहन घालून पीठ मी घरून मळून आणले. वर्गात अंडे न खाणारी मुले आहेत, म्हणून अंडे वगळले. नव्या, धुतलेल्या फणीवर गोळी दाबून गुंडाळली की शिंपल्यासारखी रेघांची वळकटी तयार होते. सत्तावीसही मुलांना ते जमले, काहींचे शिंपले झाले आणि काहींचे गांडूळ झाले. तळण्याचे काम मावशींनी वर्गाबाहेर शाळेच्या स्वयंपाकघरात केले. दुसऱ्या दिवशी, २४ डिसेंबरला, साने गुरुजींची जयंती असते. तेव्हा आधी गुरुजींची गोष्ट झाली, मग गोठ्यापाशी गाणे झाले आणि शेवटी कुलकुल वाटले.

पालकांना आम्ही महिन्याच्या सुरुवातीला चिठ्ठी पाठवून कोणत्या दिवशी काय करणार ते कळवले होते. एका पालकांनी येऊन चौकशी केली, त्यांना मातीचा ट्रे आणि गोष्टींची यादी दाखवली, आणि २४ तारखेला त्यांच्याच घरून फराळाचा डबा आला. पेटीच्या पुस्तिकेत पालकांसाठी एक ओळही नाही. निरनिराळ्या धर्मांच्या घरांतली मुले एकत्र बसतात अशा वर्गासाठी साहित्य विकणाऱ्यांनी एवढा विचार करायला हवा होता.

ग्राहकसेवेबद्दल थोडक्यात. वर्गातली जास्तीची दोन मुले लक्षात घेऊन आम्ही दोन सुटे संच पैसे देऊन मागितले. विक्रेत्याने सौजन्याने होकार दिला आणि संच २९ डिसेंबरला पोहोचले.

पाचपैकी मी या पेटीला दोन तारे देते, आणि ते दोन्ही गोठा, मोजे, कागदी पट्ट्या व दिनदर्शिका यांच्यात वाटून घ्यावेत. उरलेले सामान माझ्या मते शिशुवर्गात येऊच नये. नाचणी, माती, कुलकुलचे साहित्य, चांदणीच्या कंदिलासाठी कामट्या आणि पतंगाचा कागद हा आमचा वेगळा खर्च ७४० रुपये झाला. ज्या शाळेत शिक्षिकेला मदतनीस नाही आणि वर्गात चाळीस मुले आहेत, तिथे तयार पेटीचा मोह मी समजू शकते. अशांनी ती घेतलीच तर माळ, चमकी आणि थर्माकोल मुलांसमोर पेटी उघडण्यापूर्वीच काढून ठेवावे. कोऱ्या बाजूच्या गोठ्याचे पुठ्ठे स्वतंत्रपणे विकत मिळतील का, आणि त्यात उंटाच्या जोडीला एक बैल घालता येईल का, असे मी कंपनीला जानेवारीत लिहून विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे 'विचाराधीन' असे उत्तर आले, बैलाबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही.